दाजींच्या नावापुढं 'अनुभव नाही'

मंडळी, आज स्वतःचाच लई राग आलाय.

गारखेड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. माझे दाजी, म्हणजे ताईचे मालक, दुष्काळात मेंढरं विकून मुकुंदवाडीत राहायला आले. दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांची माहिती नोकरीच्या साइटवर भरली. अनुभव विचारला तर म्हणाले, "जन्मभर मेंढरं राखली की." मला हसूच आलं. शहरात मेंढरांचं कोण विचारतंय, म्हणत मी 'अनुभव नाही' टाकलं आणि वॉचमनच्या जागा शोधत बसले.

आज दुपारी त्याच साइटवर जाहिरात दिसली. शहराबाहेरच्या शेळी-मेंढी फार्मवर देखरेखीला माणूस पाहिजे, राहायला खोली. मी लगेच फोन लावला.

"मॅडम, परवाच बाहेरगावचा माणूस घेतला. साइटवर 'मेंढीपालन' टाकून लई शोधलं, पण तुमच्या शहरातलं एकपण नाव आलं नाय."

दाजी समोरच बसले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मंग आता तरी लिही की."

लिहायला घेतलं. व्यायला आलेली मेंढी कशी ओळखायची, चालीवरून दुखणं कसं कळतं, ते सांगत गेले. रकान्यातली जागा संपली, त्यांचं सांगणं संपलं नाही.

दुकानात रोज कितीतरी जणांचे अर्ज भरते मी. अजून कुणाकुणाचं आयुष्य असं दोन शब्दांत पुसलंय, तेच आठवत बसलेय. तुम्ही कुणाचं पुसलंय का?