छत्र्यांच्या रांगेतली दुपार

नाना फोटो काढायच्या अगदी आधी कॅमेरा खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "थांबा, चेहरा अजून यायचाय."

समोर बसलेला माणूस चिडायचा. मी तर फारच. पंचवटीतल्या त्यांच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायला गेलो, तेव्हा बाहेर खोक्यांनी भरलेला माझा टेम्पो रस्ता अडवून उभा होता आणि मागचे रिक्षावाले माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मी ओरडलो, "नाना, चेहरा काय पेठच्या एसटीने यायचाय का?" मला हसू आलं, आणि तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं. पासपोर्टला हसरा फोटो चालत नाही. पुन्हा बसावं लागलं.

असे फोटोवाले तुम्हीही पाहिले असतील. पण नानांचा खरा धंदा पासपोर्टचा नव्हता, स्थळांचा होता. आमच्या भागात लग्नाची मुलगी असली की तिचा फोटो नानांकडेच. माझ्या मुलीचाही त्यांनीच काढला, आणि तिथेच आमचं बिनसलं.

माझ्या मुलीच्या हनुवटीखाली कोडाचा डाग आहे. रुपयाएवढा. दुखत नाही, पसरत नाही, कुणाला लागत नाही. पण स्थळ बघणाऱ्यांना तेवढाच दिसतो. मी नानांना बजावून सांगितलं होतं, तेवढा पुसून द्या. त्यांनी पुसला नाही. फोटो गेला आणि चांगलं जुळत आलेलं स्थळ मोडलं. मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तोंडाला येईल ते बोललो. नाना चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

त्यानंतर दोन वर्षं भेटतील तिथे मी त्यांना तेच ऐकवलं. दर वेळी उत्तर एकच. बरोबर आहे तुमचं. भांडायला उभा राहणारा माणूस परवडतो. हा उभाच राहायचा नाही.

मी हातगाडीवर भाजी विकून वर आलेला माणूस. आता द्राक्षांची खोकी बनवतो. खोक्यांचं नवं मशीन बघायला चीनला जायचं ठरलं, तेव्हा त्याचे सगळ्या बाजूंनी नीट फोटो हवे होते, म्हणजे इथल्या मेकॅनिकला दाखवता येतील. मी नानांनाच गाठलं. म्हटलं, "माझं नुकसान केलंत, आता भरून द्या. तिकीट आणि जेवण माझं, मजुरी नाही." मला वाटलं, या वयात नको म्हणतील. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. कधी निघायचं?"

तिथल्या कारखान्यात दुपारी जेवणानंतर सगळे टेबलावर डोकं टेकून झोपतात. मालकाने सांगितलं, भावाचं पाच वाजता बोलू. मी हॉटेलवर जाऊन आकडे घोटणार होतो. नाना म्हणाले, "समोर बाग आहे, शेठ. उजेड चांगला आहे."

बाग म्हणजे आपल्यासारखी चार घसरगुंड्या आणि भेळवाला नव्हे. आत शिरलो तर शहराचा आवाजच संपला. एवढं मोठं तळं, काठावरच्या झाडांच्या फांद्या पाण्यापर्यंत वाकलेल्या. एक म्हातारा काठीएवढा कुंचला नुसत्या पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत होता. इकडे नवी ओळ चालू, तिकडे पहिली वाळून नाहीशी. माझ्या तोंडून निघालंच, "याला मिळतं काय यातून?" नानांनी फोटोही काढला नाही. तो म्हातारा लिहीत होता तोवर देवळात उभं राहावं तसे उभे होते. मीही उभा राहिलो. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या वळणावर रंगीबेरंगी छत्र्या उघडून जमिनीवर मांडलेल्या. प्रत्येक छत्रीला चिमट्याने लावलेला कागद, कागदावर चिनी लिपी आणि आकडे. मागे छोट्या स्टुलांवर म्हातारे-म्हाताऱ्या. माझा जीव भांड्यात पडला. एवढ्या वेळाने ओळखीचं काहीतरी दिसलं. बाजार!

माल काय आहे ते दिसत नव्हतं. पण भाव तर कळतो. एका आजीबाईंच्या कागदावर १६८ होतं. मी मोबाइलवर १०० करून दाखवलं. बाईंनी डोळे वटारले आणि १६८ वर बोट आपटलं. मी ११० केलं. त्यांनी शेजारणीला हाक मारली. मी ११५ केलं आणि सवयीप्रमाणे पाठ फिरवून चालू लागलो. आपल्याकडे चार पावलांत मागून हाक येते. इथे आरडाओरडा आला.

नानांनी माझा दंड धरला. "शेठ, मागे फिरा. कागदाच्या कोपऱ्यात फोटो बघा."

बघितला. एक मुलगी, मान किंचित तिरकी, ओठ मिटलेले.

"असा फोटो कशासाठी काढतात ते मला नका सांगू," नाना म्हणाले. "स्थळं बघतायत हे लोक. तुम्ही तिची उंची कमी करून मागताय."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. एका आजोबांच्या मोबाइलला हिंदी येत होती. नानांनी त्यात सगळं सांगितलं, मोबाइल चिनीत बोलला, आणि अख्खी रांग हसायला लागली. आजीबाई तर डोळे पुसत होत्या. त्यांनी मला स्टूल दिलं आणि खुणेने विचारलं, तुला आहे का मुलगी?

मी मोबाइलमधला फोटो काढला. तोच, दुसरा नव्हता माझ्याकडे. आजीबाईंनी दोन बोटांनी तो मोठा केला. मी वाट बघत होतो, आता डागावर येणार. त्या मोबाइलमध्ये काहीतरी बोलल्या. मोबाइल हिंदीत म्हणाला, "लड़की को कैसा लड़का चाहिए?"

एकतीस वर्षं घरात असलेली मुलगी, आणि मला माहीत नव्हतं. मी घुश्शात म्हटलं, "बाप को चाहिए वैसा!" ते ऐकून रांग पुन्हा हसली; पण या वेळी हळू. ते आजोबा मोबाइलमधून म्हणाले, "हमारे बच्चों को मालूम भी नहीं, हम यहाँ बैठते हैं."

तेव्हा नानांनी कॅमेरा उचलला. आजीबाई पदर सावरल्यासारख्या ताठ बसल्या. नानांनी कॅमेरा खाली घेतला. उभे राहिले. बाईंना वाटलं, झालं. त्यांनी वळून मुलीच्या कागदाचा निसटता चिमटा सरळ केला, कागदावरून तळहात फिरवला. नानांनी तेव्हा कॅमेरा छातीशीच ठेवून बटण दाबलं. मग कॅमेऱ्याच्या मागचा पडदा त्यांना दाखवला. बाई बघतच राहिल्या.

त्यानंतर रांगच लागली. एकेक आई, एकेक बाप. नाना मला सांगत, "छत्री जरा तिरपी धरा. उजेड त्यांच्याकडे जाऊ द्या." मी, ज्याने आयुष्यात फुकट कुणाची पिशवी उचलली नाही, तो छत्री धरून उभा होतो. ज्यांची भाषा, देव, जेवण, काही आपलं नाही, त्या माणसांच्या तोंडावर माझ्या घरातली काळजी एकामागून एक उमटत होती. तळ्यावर ऊन तांबूस झालं तेव्हा घड्याळाकडे लक्ष गेलं. सहा वाजले होते. मशीनचा भाव मग उतरलाच नाही.

परतीच्या विमानात तरी मी पुन्हा तो विषय काढलाच, "नाना, तो डाग पुसला असता तर?"

"बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

पावसाळ्यात नाना गेले. सकाळी दुकान उघडायला निघाले आणि उंबऱ्यातच बसले, एवढंच. स्टुडिओच्या जागी आता चपलांचं दुकान आहे.

यंदा देवळा गावाहून स्थळ आलं. त्यांनी फोटो मागितला. मुलीला घेऊन नव्या स्टुडिओत गेलो. अर्ध्या मिनिटात फोटो निघाला. पडद्यावर बघतो तर हनुवटी लख्ख कोरी. मी सांगितलंही नव्हतं.

"डाग कुठाय?" मी विचारलं.

"काका, मशीनच काढतं आपोआप. सगळ्यांचाच काढतो."

"कुणाला विचारून? परत आण तो!" मी असा ओरडलो की बाहेरची माणसं डोकावली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हाताला धरून मला बाहेर आणलं.

स्कूटरपाशी म्हणाली, "पप्पा, नानांना डाग पुसू नका असं मी सांगितलं होतं."

"मग ते माझ्या शिव्या का खात बसले?"

"मी म्हटलं होतं, खरं सांगून टाका. ते म्हणाले, तुला त्या घरात राहायचंय. माझ्यावर ओरडून झालं की तुझे पप्पा घरी शांत येतील."

मी रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिलो. बोलायला खूप होतं, पण ज्याला बोलायचं तो माणूस नव्हता. शेवटी मोबाइल काढला आणि तिला विचारलं, "देवळ्याला पाठवू का? तू सांग."

ती म्हणाली, "पाठवा. पण नानांचाच पाठवा."

पाठवण्याआधी मी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. डाग बघितला. मग आणखी मोठा केला. तिच्या डोळ्याच्या काळ्या बुबुळात एक उजेडाची चौकट होती, आणि त्या चौकटीत, तांदळाएवढा, कॅमेरा खाली घेऊन उभा असलेला एक माणूस.