शैलाच्या हजेरीतलं माझं नाव

मंडळी, आज कोल्हापूरला कॉलेजात गेलते. बारावीनंतर लग्न होऊन मुरगूडला आले, आता वीस वर्षांनी बी.ए.ला नाव घातलंय.

फॉर्मवर मराठी विषय लिहिणार होते. पण नोटीस बोर्डावर इतिहासाच्या मॅडमचं नाव दिसलं आणि लगेच इतिहास लिहिला. मॅडम म्हणजे आमची शैला! बारावीला आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्याकडून सनावळ्या मीच पाठ करून घ्यायचे.

आज तिचा पहिला तास. तिनं हजेरीत पुकारलं, "वैदेही." मी "हजर" म्हणाले.

हे माझं सासरचं नाव. शैलाची मैत्रीण सुनंदा होती. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून सुनंदा कुणी म्हटलंच नाही.

शैलानं माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं, ओळखलं.

"मावशी, पुढं येऊन बसा की. मागं ऐकू यायचं नाही."

पोरं हसली. मी पुढं जाऊन बसले. तिचे केस अजून काळेभोर आहेत.

विषय बदलायची उद्या शेवटची तारीख. तिला सांगू, का मराठी घेऊ?

आणि खरं सांगा, तुमच्यातलं कुणी सुनंदाला ओळखतं का?