फिलूच्या तळहातावरचा शिरा

ये गं मनीषा, अशी जवळ ये. तिथे शीळफाट्याला बाराव्या मजल्यावर बसून मनानेच ये, पण तो मोबाईल आधी उलटा ठेव. मावशी बोलते तेव्हा नुसतं "हं, हं" करायचं नसतं. परवा फोनवर विचारलंस, "समोरच्या फिलूमावशी कशा आहेत?" अगं, फिलू जाऊन अख्खा पावसाळा उलटला. मी तुला सांगितलं होतं, तेव्हाही तू "हं"च म्हणाली होतीस. आता नीट ऐक, कोण होती ती.

आम्ही कोपरीच्या या बिल्डिंगीत नवीन आलो आणि सत्यनारायण घातला. प्रसाद द्यायला समोर गेले तर दार सताड उघडं. भिंतीवर येशूची तसबीर, आणि खुर्चीत एक ठेंगणी बाई डोळे मिटून बसलेली. दोन्ही तळहात मांडीवर, उताणे. मला वाटलं, केवढी भाविक बाई! प्रसादासाठी हात पसरूनच बसलीय. मी दिला की गं शिऱ्याचा गोळा तिच्या हातावर ठेवून! तिने एक डोळा उघडला, शिऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मी तर काय मागितलं नव्हतं गो. देवबापाने आपणहून धाडला वाटतं." आणि चाटूनपुसून खाल्ला. तेव्हापासून मी कायमची "शिरावाली" झाले.

फिलोमिना तिचं नाव. इथल्याच जुन्या ख्रिस्ती घरातली, आजोबांची भातशेती होती म्हणे स्टेशनापलीकडे. ब्लाउज शिवायची. दिवे लागायच्या वेळेला मशीन बंद करून त्या खुर्चीत बसायची. चर्चमधल्या कुठल्याशा सिस्टरने तिला ही प्रार्थना शिकवली होती. जपमाळ नाही, स्तोत्र नाही, नुसतं बसायचं. श्वास सोडताना मनात एकच शब्द, "बापा."

"आणि मनात भाजी, गॅस, लाइटचं बिल आलं तर?" मी विचारलं.

"येऊ दे ना. कावळा खिडकीत येतो तसा येतो. त्याच्याशी भांडत बसलं की तो जात नाय. आपण परत बापाकडे बघायचं."

"देव काही बोलतो का मग?"

"कधी नाय. पाण्याच्या पंपाचा आवाज तेवढा येतो."

"मग बसतेस कशाला, बाई?"

ती हसली. "शिरावाले, तुझा नवरा हॉस्पिटलात बेशुद्ध होता, तेव्हा तू उशाशी बसायचीस. तो बोलायचा काय? इथं उलटं हाय. बेशुद्ध मी, आणि उशाशी बसलाय तो."



तिचा एकुलता विल्सन वडिलांच्या आजारपणात तिच्याशी भांडला आणि घर सोडून गेला. फोन नाही, पत्ता नाही. मला राहवायचं नाही. म्हणायचे, "अगं, नवस बोल. मेणबत्ती लाव. मुलगा परत दे म्हणून माग तरी!" ती मान हलवायची. "मागितलं की माझी मूठ मिटते गो. मग तो ठेवील कुठं? विल्सनला मी त्याच्या हातात दिलाय. दिलेलं परत ओढायचं नाय." मला तिचा राग यायचा. दगड आहे का ही, असंही वाटायचं.

दगड नव्हती. विल्सनच्या वाढदिवसाला ती फुगे तळायची, ते त्यांच्यातले गोल गोडसर वडे. एका वर्षी गेले तर परातभर फुगे निवत पडलेले, आणि ही खुर्चीत, मुठी घट्ट आवळून. डोळे कोरडे. म्हणाली, "आज हात उघडत नाय गो." मी खाली फरशीवर बसले, तिच्या मुठी माझ्या हातात घेतल्या. मला त्यांची प्रार्थना कुठे येते? खूप वेळाने एकेक बोट सैल झालं. म्हणाली, "रोज द्यावा लागतो. काल दिलेला आज परत माझ्याच मुठीत असतो."

गेली ती संध्याकाळच्या वेळेलाच, खुर्चीत. मीच बघितलं पहिल्यांदा. हात उघडे होते.

विल्सन आला, दफन झाल्यावर. तिच्या चर्चमधल्या कुणाकडून कळलं त्याला. अर्धे केस पिकलेले. दारात उभा राहून मला विचारतो, "आंटी, मम्मी देवाकडे मला परत मागायची का?"

काय सांगू? खोटं बोलवेना. म्हटलं, "मागायची नाही रे. रोज तुला देवाच्या हातात ठेवायची. ठेवून मोकळी व्हायची. निदान व्हायचा प्रयत्न करायची." तो तिथेच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला शिरा करून घातला. दुसरं काय येतं मला?

आता समोर कुलूप आहे. दिवे लागायच्या वेळेला मशीनचा आवाज थांबल्याचं कळायचं, आता थांबायला आवाजच नाही. मीही बसून बघते कधी, हात उताणे ठेवून. पांडुरंग म्हणते, कधी चुकून बापा म्हणते. कावळे फार येतात. त्यांतला एक तू असतेस, मनीषा. तुला देवाच्या हातात ठेवते, आणि लगेच परत उचलून घेते. फिलूसारखं नाही गं जमत मला. मी आपली मागते. या रविवारी ये. दार उघडंच असेल.