कापलेली नऊ चित्रं

काकांची छापून आलेली पुस्तकं चार. पहिलं व्यंगचित्रांचं, पिवळ्या कव्हरचं, नव्या शहरासाठी आमच्या पट्ट्यातल्या जमिनी पहिल्यांदा गेल्या त्या काळातलं. मग विनोदी लेखांची दोन. शेवटी एक बारीक कादंबरी, जिच्यात एक सातबारा आपली कैफियत सांगतो. पनवेलमधल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात ही चारही पुस्तकं टीव्हीशेजारच्या फळीवर औषधांच्या डब्याला टेकून उभी असायची. गावात किती जणांनी ती वाचली होती? मी विचारत फिरलो आहे. ज्यांच्या बैठकीत पुढाऱ्यांच्या गौरवग्रंथांची कपाटं भरलेली असतात, त्यांनी मला विचारलं, ‘कोण ते? तिकडे तळ्याजवळ राहतात ते म्हातारे?’ हो, तेच. लाज वाटायला पाहिजे होती, पण ती त्यांना वाटली नाही. मला वाटली का, ते पुढे सांगतो.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो आणि पत्रकं लिहायचो. विमानतळासाठी उलव्याकडच्या गावांत मोजणी येणार म्हणून गावांनी समिती केली होती. समितीत लिहिता येणारा मी एकटाच आहे, असं माझं मत होतं. आठवड्याला एक पत्रक निघायचं. गुलाबी कागद, जाड अक्षरं, प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह. देवळात वाटा, तळोज्याला कामाला जाणाऱ्यांच्या हातात द्या, टपरीवर ठेवा. संध्याकाळपर्यंत त्याच कागदात कुणीतरी भजी बांधून नेलेली असायची, आणि त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. पत्रकवाल्याला एकटा कागद दिसतच नाही. छापलेलं काहीही बघितलं की हे दोन हजार असणार, एवढंच त्याच्या डोक्यात येतं.

मी काकांकडे गेलो तो चित्र मागायला. समितीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने सांगितलं होतं की पनवेलात एक जण भारी चित्रं काढायचा. ते निवृत्त झाले होते. नोकरीत असताना दिवसभर भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि घरी येऊन त्याच टाकाने व्यंगचित्रं. मी आंदोलनाबद्दल बरंच बोललो. ते ऐकत होते. मग त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. तो थरथरत होता.

‘सरळ रेघ काढायला सांगितलीस तर खाडी निघते आता.’

‘मग काका, जुनी चित्रं?’

‘पुस्तकात आहेत. घेऊन जा, क्रांतिकारक. पण परत आण. आणि वाच, नुसतं चाळू नकोस.’

मी चाळलं. चाळीस चित्रं होती. खरं सांगायचं तर निम्म्यांचा मला राग आला. सरकारी साहेबाची टर होती ते ठीक. पण आमचा माणूसही त्यातून सुटलेला नव्हता. एका चित्रात साहेब मोजणीची साखळी अख्ख्या गावावर टाकतोय, कोळ्याने जाळं फेकावं तशी. ही डावी बाजू. उजव्या बाजूला साखळीचं दुसरं टोक धरून गावचाच एक शेतकरी उभा, आणि त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या मनगटावरच्या नव्या घड्याळाकडे. खाली ओळ: ‘दोन्ही टोकं घट्ट धरा.’

हे असं पत्रकात चालणार होतं? गावातल्या माणसाने स्वतःला असं बघायचं? मी ठरवलं, चालणार नाही. कुणाला विचारलंही नाही.

छापखानेवाला म्हणाला, ‘पुस्तक उघडं दाबलं की मधे शिवणीशी काळा पट्टा येतो. पान सुटं आणा.’ मी पान सुटं केलं. मग कटरने चित्राचे दोन भाग केले. साहेब ठेवला, घड्याळवाला टाकला. खालची ओळ कापून तिथे जाड टाइपात चिकटवलं, ‘आमच्या जमिनीवर तुमची साखळी चालणार नाही!’ त्यावरून छपाईची प्लेट झाली आणि चिकटवलेला मूळ कागद छापखान्याच्या टोपलीत गेला. छापखानेवाल्याने टाकला नसता तर मीच टाकला असता. असं मी दोन वर्षांत नऊ वेळा केलं. नऊ पत्रकं, नऊ चित्रं, प्रत्येकातून आमचा माणूस वजा. लोक म्हणायचे, ‘काय चित्र हाय! बरोब्बर मारलंय त्याला.’ मला ते माझं कौतुक वाटायचं.

पुस्तक परत द्यायचं राहून गेलं.

मग एका दुपारी काकांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा वरचा होता. पुण्याच्या एका प्रकाशकाला त्यांची चारही पुस्तकं एका खंडात काढायची होती. तो माणूस स्वतः येऊन बसून गेला होता.

‘तीन आहेत माझ्याकडे. पहिलं तुझ्याकडे आहे, घेऊन ये.’

‘काका, त्याच्या आणखी प्रती असतील ना?’

‘कुठे?’

‘म्हणजे छापलेलं पुस्तक...’

‘छापणारा बंद पडला, उरलेलं रद्दीत गेलं. मूळ चित्रं छपाईचे ब्लॉक करायला दिली होती ती परत आली नाहीत. माझ्याकडे एकच होतं ते तू नेलंस. का रे?’

मी म्हणालो, आणतो.

त्या दिवशी मी पनवेलच्या वाचनालयात गेलो. नोंद होती, शेजारी ‘जीर्ण, निर्लेखित’ असा शिक्का, म्हणजे पुस्तक काढून टाकलेलं. दुसऱ्या दिवशी उरणला गेलो. तिथे नोंद होती, शिक्का नव्हता, पुस्तकही नव्हतं. तिथल्या बाईंनी तीन कपाटं माझ्यासमोर रिकामी केली आणि वर मलाच विचारलं, ‘एवढं महत्त्वाचं होतं तर आधी कुणी का नाही आलं वाचायला?’ छापखान्यात विचारलं तेव्हा तिथला माणूस हसला. दोन वर्षांपूर्वीची टोपली मागायला आलेलं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच बघितलं असणार.

तिसऱ्या दिवशी मी ते पुस्तक आणि घरात सापडलेली पत्रकं घेऊन काकांकडे गेलो. नऊपैकी चारच मिळाली होती, तीही फिकट, शाई फुटलेली. काकांनी पुस्तक उघडलं. कापलेल्या पानांच्या जागी शिवणीला कागदाच्या पट्ट्या उरल्या होत्या. त्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं. मग पत्रकं घेतली आणि चारही शेवटपर्यंत वाचली. खालचं ‘समितीच्या वतीने’सुद्धा वाचलं.

‘घड्याळवाला कुठे आहे?’

‘टाकला.’

‘का?’

‘आपला माणूस होता म्हणून.’

‘म्हणूनच काढला होता, अरे.’

ते ओरडले नाहीत. त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत बसलो. मला वाईट वाटलं असं इथे लिहिलं तर ते पत्रकात शोभेल, पण खोटं होईल. मला काही वाटत नव्हतं. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यातल्या सुट्ट्या मी वाचत होतो. काकांनी कागद ओढला आणि घड्याळवाला पुन्हा काढायचा प्रयत्न केला. साखळीचं टोक झालं, मनगट झालं, पण चेहरा येईना. त्यांनी मला विचारलं, ‘तो हसत होता की नुसतं बघत होता?’ मी ते चित्र हातात धरून कापलं होतं. मला सांगता आलं नाही.

प्रकाशकाने फोनवर सांगितलं की नऊ वगळून काढू, एकतीस काही कमी नाहीत. काका ‘बरं’ म्हणाले. खंड निघाला तेव्हा मी आधी प्रस्तावना उघडली, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते बघायला. एकच वाक्य होतं: ‘पहिल्या पुस्तकातली नऊ चित्रं आता माझ्याजवळ नाहीत.’

‘माझं नाव का नाही घातलंत?’ मी विचारलं.

‘लोकांनी मग तेवढंच वाचलं असतं.’

प्रकाशन पनवेलच्याच एका लहान हॉलमध्ये झालं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. समितीतली माणसं मी आणली होती. त्यांत मोर्च्यात कायम पुढे असणाऱ्या एक मावशी होत्या. त्या खंड उलटून पालटून बघत होत्या.

‘ते साखलीवालं चित्र नाय यात?’

‘नाही मावशी, ते हरवलं.’

‘हरवलं कसं? आमचे दाराला हाय की. तू वाटलेलं तेच. वरून पलास्टिक लावलंय.’

काकांनी ते ऐकलं. ‘मला बघायचंय,’ म्हणाले.

दोन दिवसांनी मी त्यांना रिक्षाने नेलं. वाटेभर डंपर, धूळ आणि अर्धवट उभ्या इमारती. माझ्या डोक्यात एकच हिशोब होता: कागद चांगल्या अवस्थेत असेल, पुण्याला पाठवता येईल, पुढच्या आवृत्तीत निदान एक अर्धं चित्र परत जाईल. दरवाजा निळा होता आणि पत्रक खरंच नव्यासारखं होतं. शाई काळीभोर. काका चष्मा वर करून अगदी जवळ गेले.

‘मावशी, हे बघून हसू येतं का तुम्हाला?’

‘हसाय काय हाय त्यात? राग येतो. जाता येता बगते, डोस्कं फिरतं माझं.’

‘दुसरं काही नाही?’

‘दुसरं काय? साहेब हाय, साखली हाय. पुरं चित्र हाय.’ त्यांनी काकांकडे निरखून बघितलं. ‘तुमी मोजणीवाले ना? आमचे सासऱ्याचे टायमाला आलेले तुमी?’

‘नकाशा मी काढला होता.’

‘मंग तुमाला येत असंल हसू.’

‘यायचं,’ काका म्हणाले. ‘ते नसतं आलं तर तीस वर्षं नोकरी झाली नसती.’

मावशी आत गेल्या. पाणी घेऊन आल्या. काकांनी ते उभ्यानेच प्यायलं. मी मधे पडलो.

‘काका, कागद छान राहिलाय. मावशी देतील. पुढच्या आवृत्तीत हे एक तरी घालू.’

‘नको.’

‘रेघ तुमच्या हातची आहे.’

‘रेघ माझी आहे. चित्र तुझं आहे. तुझं पुस्तक निघेल तेव्हा त्यात घाल.’

हे त्यांनी चिडून म्हटलं नाही, टोमणा म्हणूनही नाही. ते वळले आणि रिक्षाकडे चालू लागले. मी दारापाशीच उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मावशींना सांगितलं की कागद राहू द्या दाराला.

‘काढतंय कोन?’ मावशी म्हणाल्या.