गोळीचं नाव मी वाचलंच नव्हतं

गेल्या थंडीत माझ्या मनाने पक्कं घेतलं होतं की, देवी माझ्यावर रागावली आहे. लेकीचं लग्न नीट पार पडलं की केळव्याला जाऊन शीतलादेवीची ओटी भरीन, असं मी बोलले होते. लग्न होऊन वर्ष उलटलं, तरी बोईसरहून केळव्याला जाणं काही झालं नाही. आणि मग एकाएकी रोज सकाळी हातपाय कापायचे, घामाने पाठ भिजायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. चार घास पोटात गेले की बरं वाटायचं. असं चार दिवस चाललं. आमचे हे तारापूरच्या एका कारखान्यात आहेत. ते म्हणाले, "डॉक्टरांना दाखवू." मी म्हटलं, "आधी ओटी."

पाचव्या दिवशी मंगळवार होता. उपास धरला, रक्तदाबाची सकाळची गोळी पाण्याबरोबर घेतली आणि यांच्या स्कूटरवर बसले. देवळाच्या रांगेत उभी राहिले आणि गुडघ्यातलं बळच गेलं. तोंडाने देवीचं नाव घ्यावं तर जीभ वळेना. तेवढ्यात मागून दोन दणकट हातांनी मला धरून खाली बसवलं.

त्या पार्वतीबाई होत्या, नवापूरच्या कोळीण, साठीच्या. "काय खाल्लंस, बाय?"

"उपास आहे," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी हातातल्या नैवेद्याची साखर माझ्या तोंडाशी धरली. मी मान फिरवली. तर म्हणाल्या, "उपास मोडला तर देवी बघंल. तू मोडलीस तर कोन बघंल? खा!"

साखर पोटात गेली, मग त्यांनी गोड सरबत पाजलं, आणि थोड्या वेळात देऊळ, माणसं, यांचा घाबरलेला चेहरा, सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. पार्वतीबाईंनी विचारलं, "गोळ्या कसल्या घेतेस?" पाच दिवसांपूर्वीच दुकानातून आणलेली नवी पट्टी मी पिशवीतून काढून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर माझीच गोळी! साखरेची."

"मला साखर नाहीच," मी म्हटलं. "मला रक्तदाब आहे."

यांनी खिशातली डॉक्टरांची चिठ्ठी काढून पट्टीशेजारी धरली. दोन नावांत जेमतेम दोन अक्षरांचा फरक होता. पाच दिवस मी भक्तिभावाने दुसऱ्याच आजाराचं औषध घेत होते, आणि बोल मात्र देवीला लावत होते!

रिक्षा करून आम्ही पालघरच्या दवाखान्यात गेलो, हे मागोमाग स्कूटरवर. पार्वतीबाई न विचारताच सोबत बसल्या. साखर पुन्हा उतरू शकते म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. तिथल्या औषधं देणाऱ्या मॅडमनी एक फॉर्म आणला. चक्क मराठीत! औषधाने त्रास झाला किंवा चुकीचं औषध घेतलं गेलं आणि अपाय झाला, तर रुग्ण स्वतः कळवू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, ते डॉक्टरांचं काम. मॅडम म्हणाल्या, "कोणती गोळी, कधी सुरू केली, काय झालं, कधी बंद केली, एवढं लिहा. खात्री नसली तरी चालतं. नाव गुप्त राहतं. पट्टी आणि बिल मात्र फेकू नका. आणि दुकानदाराला आजच सांगा."

इथे माझा हात अडला. तो दुकानदार आमच्या ओळखीचा. मुलीच्या लहानपणच्या तापाची औषधं त्यानेच दिलेली. "देवीने मला तारलं, झालं. कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा?" मी म्हटलं.

पार्वतीबाई पायाशी बसल्या होत्या. हसून म्हणाल्या, "देवीनं तुला एकटीलाच वाचवायचं ठरवलंय काय?"

मी पेन हातात घेतलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण लागण्यासारखं.

हे तसेच बोईसरला दुकानात गेले. दुकानदार आधी म्हणाला, "माझ्याकडून नाही होणार असं." मग त्याने फळीवर पाहिलं. दोन सारखे खोके शेजारी शेजारी. तो बिलं चाळत बसला आणि त्याचा चेहरा उतरला. तशीच चूक आणखी एकदा झाली होती, चिंचणीच्या एका आजोबांच्या बाबतीत. त्यांच्या घरी फोन कुणी उचलेना. त्याने शटर ओढलं, यांच्या मागे स्कूटरवर बसला आणि दोघे चिंचणीला पोचले. आजोबा ओट्यावर घामाघूम पडलेले, आणि आजी त्यांना पित्त झालंय म्हणून उपाशी ठेवून वारा घालत होत्या! त्यांना साखरपाणी पाजून लगेच पालघरच्या त्याच दवाखान्यात आणलं. संध्याकाळी माझ्याच खोलीबाहेर त्यांचा खणखणीत आवाज आला, "चहा फिक्का आहे!" पार्वतीबाई पोट धरधरून हसल्या.

दुकानदार मला भेटायला आला तेव्हा मान वर करेना. "वहिनी, तुम्ही सांगितलं नसतं तर..." एवढंच बोलला. आता तो ते खोके वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवतो आणि प्रत्येक गोळीचं नाव गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेतो. मागची माणसं कुरकुरतात, "दुकान आहे का शाळा?" मी रांगेत असले की मुद्दाम खड्या आवाजात वाचते.

त्या रांगेत पार्वतीबाई माझ्याच मागे का होत्या, याचं उत्तर मी शोधत नाही. आधी मी हात जोडून गप्प बसण्याला शरणागती समजत होते. आता वाटतं, त्या दिवशी त्या फॉर्मवर माझं वाकडंतिकडं अक्षर उमटलं, तेव्हाच मी खऱ्या अर्थाने देवीच्या स्वाधीन झाले. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं. चिंचणीपर्यंत मात्र तीच गेली.