पिवळा बर्फ

फोन रेवाचा होता. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली आणि लगेच विचारलं, "आजीला कोण सांगणार?" ते काम माझ्याकडेच आलं. रेवाची आई कुंदा पनवेलच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि मी फिजिक्स. आमच्या प्रयोगशाळा भिंतीला भिंत लागून. कुंदाच्या आईच्या मते गॅसच्या त्या सगळ्या उद्योगातली दुसरी आरोपी मीच. मी गावी जाऊन सांगितलं, तर मिठागरावर जन्म काढलेली ती बाई रडली नाही. म्हणाली, "त्या गॅसनंच खाल्ली माज्या पोरीला. आता नातीला नाय जाऊ देनार."

नात म्हणजे रेवा. तिचं एम.एस्सी. झालंय आणि आता तिला आईचाच विषय पुढे न्यायचाय. कुंदाला जाऊन काही आठवडे झाले, पण आजीच्या करंजाड्याच्या घरात अजून एकाच प्रश्नावरून सगळं अडलेलं. कुंदाची फुप्फुसं निकामी झाली ती बऱ्याच वर्षांपूर्वीच्या त्या एका दिवसामुळे का? आणि त्या दिवशी तिच्याजवळ मी एकटीच होते...

कुंदाचं वेड समजायला अवघड नव्हतं. पाणी शून्य अंशाला गोठतं हे आपण शाळेत शिकतो. पण त्यात क्लोरीन वायू मुरवला तर ते आठ-नऊ अंशांनाच गोठू शकतं, आणि बर्फ होतो फिकट पिवळा. तो वितळवून पुन्हा गार केला की दुसऱ्या खेपेला बर्फ लवकर धरतो. एकदा गोठल्याचं पाणी लक्षात ठेवतं की काय, असं मी म्हणाले की ती डाफरायची. "कविता करू नकोस. कारण सांग!" कारण तिलाही माहीत नव्हतं आणि त्यापायी तिला दुसरं काही सुचायचं नाही. डबा विसरायची, मग माझ्या डब्यातली भाजी संपवायची आणि वर मीठ कमी आहे म्हणायची. साधा बर्फ जास्त गार करायला त्यात मीठ घालतात. तेसुद्धा ती माहेरच्या मिठागराचंच आणायची, गोणीनं.

तो पिवळा बर्फ काचेच्या बंद नळीत असायचा. थंड आहे तोवर गरीब गाय. तापला की क्लोरीन सुटणार, आत दाब वाढणार आणि काच फुटणार. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. फ्रीझर बंद, आणि विषारी हवा बाहेर ओढणारा पंखाही बंद, म्हणून नळी उघडण्याची सोय नाही. मासळी बाजारातून बर्फ आणवला, नळी त्यात रोवली आणि विजेची वाट बघत बसलो. खाली मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. कुंदानं निरोप पाठवून इमारत रिकामी करायला सांगितली, पण परीक्षा अर्धवट सोडून मुलं लगेच हलेनात.

बर्फ कमी व्हायला लागला तशी मी मिठाच्या गोणीत हात घातला. तिनं माझं मनगट धरलं. "मीठ नको! जास्त गार होईल, पण बर्फ भराभर संपेल. आपल्याला गार नकोय, टिकायला हवंय." मिठागरवाल्यांच्या पोरीनं मीठ नको म्हणावं, याची एरवी मी वर्षभर थट्टा केली असती. तेव्हा फक्त हात मागे घेतला. आम्ही दोघी कुजबुजत बोलत होतो, जसं काही मोठ्यानं बोललं तर काच तडकेल.

आणि ती तडकलीच. केसाएवढी रेघ, नळीच्या मानेपाशी. "ही आधी होती?" मी विचारलं. "नव्हती," ती म्हणाली आणि उठली. बादलीत कॉस्टिक सोड्याचं द्रावण तयार होतं. ते क्लोरीन शोषून घेतं. नळी त्यात बुडवून फोडायची, एवढाच मार्ग उरला होता. पण थोडा वायू निसटून जिन्यानं खाली उतरणार हे ठरलेलं, आणि मुलं अजून जिन्यातून उतरत होती. तिनं मला बाहेर ढकललं आणि आतून कडी घातली. मी दार बडवत राहिले. आत काच फुटल्याचा आवाज आला, मग खोकला... थांबेचना. सगळी मुलं उतरली असं मी ओरडून सांगितलं तेव्हाच तिनं कडी काढली. डोळे लालभडक, तोंडावर ओला नॅपकिन. मी तिला मूर्ख म्हणाले, बरंच काही म्हणाले. ती खोकता खोकता हसत होती. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

परवा आजी म्हणाली, "मला ती खोली बगायची हाय." मी दोघींना कॉलेजात घेऊन गेले आणि तिथंच, त्या टेबलापाशी उभं राहून, हे सगळं सांगितलं.

"म्हणजे गॅस आईच्या छातीत गेला होता," रेवा म्हणाली.

"गेला होता. कित्येक दिवस खोकत होती. पण हा आजार त्यानंच झाला का, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. मलाही नाही येत."

खोटं बोलले असते तर पोरीची वाट मोकळी झाली असती, हे मला कळत होतं. पण कुंदाच्या खोलीत उभं राहून खोटं बोलवेना.

आजी दारापाशी गेली होती. "कडी तिनंच लावली? आतनं?"

"हो. जिन्यात मुलं होती, आजी."

आणि नेमकं तेव्हाच रेवानं विचारलं, "मग ते पाणी दुसऱ्यांदा लवकर का गोठतं, ते राहिलंच?" आजीकडे बघायची हिंमत होईना.

"राहिलं," मी म्हणाले.

आजीनं कडी एकदा लावून पाहिली, एकदा काढून पाहिली. मग नातीकडे न बघता म्हणाली, "कर तुला काय करायचं ते. पन आदी ही कडी काडून टाक."

वॉचमनकडून स्क्रूड्रायव्हर मागवला. स्क्रू गंजले होते, रेवाला बराच जोर लावावा लागला. एकेक निघाला तसा आजीनं तो हातात घेतला, सगळे पदराच्या गाठीत बांधले आणि घरी घेऊन गेली.