पार्किंग शेड आणि इस्लामपूरचे पाहुणे

स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडाने सांगायची म्हणजे जरा जिवावर येतं. पण आमच्या गल्लीत ती सगळ्यांना ठाऊक झालीच आहे, मग तुम्हीच का मागे राहायचं? चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी एकदमच हसा. मधे हसलात तर मी गप्प बसेन.

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि साताऱ्यात प्लॉट घेऊन घर बांधलं. गेल्या वर्षी मुलाने नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला दिली. ती अंगणात उन्हात तापत उभी. आमची सुमन म्हणाली, "आवं, बाजूला चार खांब रोवा आन् वर पत्रा टाका. समदी टाकत्यात."

सगळे टाकतात हे खरं होतं. आमच्या गल्लीत शेड नसलेलं घर शोधावं लागेल, आणि परवानगी काढून शेड टाकणारा माणूस तर शोधूनही सापडला नसता. पण मी फौजेतला. फौजेत परवानगीशिवाय शिंकसुद्धा येत नाही. "आधी परवानगी, मग खांब," असं मी जाहीर केलं. घरात केलं असतं तर ठीक होतं. मी ते दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना तर रोज सांगितलं.

ओळखीच्या एका इंजिनिअरने नकाशा काढला, नगरपालिकेत अर्ज दाखल केला. बाजूच्या मोकळ्या जागेत गाडीपुरतं छप्पर चालतं, पण भिंती घालायच्या नाहीत आणि पत्र्याचं पाणी शेजाऱ्याकडे सोडायचं नाही, असं त्याने समजावलं. "आता पालिकेचा माणूस जागा बघायला येईल. कधी येईल ते सांगता येत नाही. आला की नीट बोला."

नीट बोला म्हणाला. तिथेच सगळं बिघडलं.

आता शेजारच्या बापूंबद्दल सांगतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मितभाषी, सज्जन. त्यांचा सागर एमआयडीसीत एका कंपनीत पर्मनंट सुपरवायझर. पोरगं निर्व्यसनी, कष्टाळू, पण लग्न जमेना. हल्ली मुलींना पुणंच हवं असतं. सागरच्या बरोबरीच्या मित्रांची पोरं शाळेत जायला लागली आणि बापू लग्नाच्या पत्रिका घ्यायलाही दारात येईनासे झाले. उद्या सूनबाई आली तर तिला वेगळी खोली हवी म्हणून त्यांनी गच्चीवर सुंदर खोली बांधली, खाली सागरच्या गाडीसाठी ऐसपैस शेड टाकलं. दोन्ही अर्थातच विनापरवाना.

आणि मला धडकी भरली. माझं शेड बघायला आलेला साहेब कुंपणावरून पलीकडे बघणारच. माझ्या परवानगीपायी बापूंना नोटीस यायची. मी ठरवलं, साहेबाला बापूंची दया येईल असं बोलायचं. शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही?

एका सकाळी फाटकाशी एक गृहस्थ उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत फाइल. माझ्या घराकडे एक नजर टाकून ते बापूंच्या घराकडे मान वर करून बघत राहिले. मी चप्पल न घालताच पळालो. "या साहेब, या. वाटच बघत होतो."

ते जरा चमकले, पण आले. सुमनने पोहे दिले. पोहे खाता खाता त्यांनी इकडचं पाणी कसं येतं, जागेचे भाव काय, अशी चौकशी केली. मग हळूच म्हणाले, "शेजारी शेड मोठं टाकलंय."

मी म्हणालो, "नावाला शेड हो साहेब. तात्पुरतं. काढायचंच आहे."

"गाडी त्यांचीच का?"

गाडी त्यांची म्हटलं तर शेड कायमचं ठरणार. "छे हो. मेव्हण्याची आणून लावलीय. यांना कुठली गाडी झेपायला?"

"आन् वरची खोली?"

"अडगळ आहे साहेब. मोडक्या खाटा. माणूस राहत नाही तिथं, राहणारही नाही."

साहेबांनी पोह्यांतला शेंगदाणा बाजूला सारला. चेहरा जरा गंभीर झालेला. मला वाटलं, पाझर फुटतोय. मी आणखी जोर लावला.

"मुलगा नोकरीला हाय म्हणं?"

"आहे, पण कंपनीतल्या नोकरीचं काय खरं, साहेब. आज आहे, उद्या नाही. आई-वडील दोघं आजारी. बापूंना दमा, काकूंचे गुडघे गेलेले. करणारं कुणी नाही. सगळं घर त्या एका पोराच्या जिवावर चाललंय." बोलता बोलता माझेच डोळे भरून आले. खोटं बोलताना माणसाला स्वतःचं इतकं खरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. "सांभाळून घ्या साहेब, येवढंच म्हणतो."

साहेब उठले. हात जोडले. "बघतो," म्हणाले.

अधिकारी दुसरं काय म्हणतो? त्यांनी माझ्या अंगणात टेप लावला नाही, माझ्या शेडचा शब्दही काढला नाही. मी म्हटलं, माणूस इतका हेलावला की आपलं काम विसरून गेला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी बापू आणि काकू आमच्याकडे येऊन बसले. बापूंचा चेहरा उतरलेला. इस्लामपूरचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलीला फोटो पसंत होता, बोलणी जवळजवळ झालीच होती, आणि अचानक निरोप आला की जमणार नाही.

"कुनीतरी कान भरलं, सुभेदार," बापू म्हणाले. "गाडी उसनी हाय, पोराची नोकरी कच्ची हाय, घरात दोन आजारी मानसं हायती, असं सांगितलंय कुनीतरी."

काय संतापलो मी. म्हणालो, बापू, हा माणूस शोधून काढतो. फौजेत चौकशी कशी करतात ते मला ठाऊक आहे. संशयितांची नावं घेतली. कोपऱ्यावरचा किराणावाला, ज्याचं बापूंशी उधारीवरून वाजलं होतं. खोली न मिळालेला भाडेकरू. बापूंचा चुलतभाऊ. एकेकाचा हेतू, एकेकाची संधी, सगळं मांडलं. "जो कोण असेल तो समोर आला तर त्याला सोडणार नाही," असं म्हणून मी टीपॉयवर मूठ आपटली.

काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पाव्हणं तर म्हनत हुतं, ज्यानं सांगितलं त्यो मानूस लय सज्जन. मोठ्या मिशा हायत. सांगता सांगता त्येच्याच डोळ्यांत पानी आलं म्हनं. पोहं बी खाऊ घातलं."

स्वयंपाकघरात सुमनच्या हातून काहीतरी पडलं.

आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. स्थळ बघणारे पाहुणे आधी त्या घरी जात नाहीत. आधी शेजारी गाठायचा, पाण्यापावसाच्या गप्पा मारायच्या आणि गुपचूप माणसं कशी आहेत ते काढून घ्यायचं. कशासाठी आलो ते कुणी सांगत नाही, आणि साहेबाला 'कशाला आलात' असं आपणही विचारत नाही. घर तपासायला टेप घेऊन माणूस येतो. माणसं तपासायला मात्र शेजाऱ्याच्या शब्दाशिवाय काही नसतं, आणि त्या एका शब्दावर बाप आपली पोर द्यायची की नाही ते ठरवतो. इतकं वजन माझ्या शब्दाला होतं आणि मी ते पत्र्याच्या चार पानांपायी उधळलं होतं.

मी बापूंना तिथेच सगळं सांगितलं. बापू रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माझ्यासाठीच केलंसा न्हवं?" मग दोघं उठून गेले. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुमनला घेऊन मी इस्लामपूरला गेलो. मुलीचे वडील, म्हणजे आमच्याकडे पोहे खाऊन गेलेले तेच 'साहेब', दारात दिसताच मी खाली मान घातली. त्यांनी आत बसवलं, मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "व्हय, पन तवा खोटं बोलला का आता बोलताय, ह्ये मी कसं वळखायचं?"

याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

मुलीची आई पडद्याआडून म्हणाली, "शेजाऱ्याला नोटीस आली असती तर तुमचं काय जाणार हुतं?"

"माझं काहीच नाही."

"मग कशापायी खोटं बोलला?"

"त्या घरात कधीतरी सून यावी, असं मलाही वाटतं हो," मी म्हणालो. त्या सबंध प्रकरणात मी विचार न करता बोललेलं तेवढं एकच वाक्य बरं निघालं.

ते दोघं आत जाऊन बोलले. बाहेर येऊन वडील म्हणाले, "बघू. पन आधी तुमचीच चौकशी करतो, सुभेदार. तुमचा शब्द कितपत धरायचा ते कळाय पायजे."

रास्तच होतं. मी तिथूनच बापूंना फोन केला. "बापू, आता माझी चौकशी करायला माणूस येईल. माझ्या इभ्रतीवर सागरचं लग्न आहे. तेवढं सांभाळा."

"तुमी काळजी करू नगा," बापू म्हणाले. फोनवरही त्यांचा उजळलेला चेहरा दिसला.

पुढचं पटकन सांगतो. इस्लामपूरकर कुणाला विचारायला गेलेच नाहीत. मुलगीच म्हणाली, मी स्वतः बघते. ती आली, गच्चीवरची खोली बघितली, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो हे बघून खूश झाली, सागरशी बोलली, आणि लग्न ठरलं. बापूंनी माझे दोन्ही हात धरले तेव्हा मला खरंच रडू आलं, आणि या वेळी ते खरं होतं.

हां, पण माझ्या शेडचं काय झालं?

मुलगी यायच्या आधी, मी मिलिटरी कँटीनला गेलो असताना, आमच्या फाटकाशी एक माणूस आला. काखेत फाइल. घराकडे बघतोय. बापू तयारच होते. धावत गेले, त्याला आपल्या घरी बसवलं, चहा-बिस्किटं दिली आणि माझी इभ्रत सांभाळायला सुरुवात केली.

"सुभेदार म्हंजी वाघ हाय वाघ. घर बघा केवढं. पयलं लहान हुतं. मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवल्या. बाजूनं जिना काढला. गच्चीवर पत्रा टाकला. कुनाच्या परवानगीची वाट बघत न्हाई बसला. मनात आलं की करून मोकळा. चला, मागनं दावतो."

आणि त्यांनी पालिकेच्या साहेबाला मागून फिरवून सगळं दाखवलं. साहेबाने टेप काढला तेव्हा त्याचं दुसरं टोकही बापूंनीच धरलं.

तुम्ही म्हणाल, परवानगीचा डंका पिटणाऱ्या माणसाच्या घरी दोन खोल्या आणि जिना आला कुठून? खरं सांगतो, मला ते आठवलंच नव्हतं. दुसऱ्याने वाढवलं की ते बांधकाम दिसतं, आपण वाढवलं की ती सोय वाटते. आणि बापूंचं शेड? साहेबाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अर्ज माझा होता, त्याने माझंच मोजलं.

सागरच्या साखरपुड्याला निघताना पोस्टमन आला. शेडला परवानगी नाही, आणि खोल्या व जिन्याबद्दल खुलासा करा, अशी नोटीस. मी ती घडी करून खिशात ठेवली. बापूंनी बघितलंच. सगळा उलगडा झाल्यावर बिचारे पांढरेफटक पडले.

"सुभेदार, माझं काय चुकलं का हो? येक शब्द खोटा बोललो न्हाई बघा."

"तेवढंच चुकलं, बापू," मी म्हणालो आणि गाडीत बसलो. उन्हाने सीट नुसती पेटली होती.